केझायामावशींचा थांबा

“सरोवरापासून समुद्रापर्यंत आता एक रूळ, एक मालक आणि एक इच्छा! या गाडीला वाटेत थांबवू शकेल अशी शक्ती परमेश्वराने अजून निर्माण केलेली नाही!”

गॅरिट हॉलेनबेक यांनी पोर्ट हॅडलीच्या फलाटावर, दोन बँडपथकं आणि एका बिशपच्या साक्षीने ही घोषणा केली, आणि त्याच दिवशी दुपारी ती गाडी केझाया क्राउस यांच्या कुंपणापाशी थांबली. कुंपणावर उशीचा एक पांढरा अभ्रा लटकत होता. शेजारी बाई लोण्याची बादली आणि एक झाकलेली टोपली घेऊन उभ्या होत्या. टोपलीत कोंबड्या होत्या.

घोषणेचे शब्द माझे होते. मी हॉलेनबेकसाहेबांचा चिटणीस, आणि भाषणं लिहिणं हे माझं काम. परमेश्वराचा उल्लेख मात्र साहेबांनी स्वतः घातला होता, कारण बिशप येणार होते.

गाडी का थांबली हे पहिल्या डब्यातल्या मोठ्या लोकांना कळेना. कोणी म्हणालं इंजिन बिघडलं, कोणी म्हणालं दरोडा. एका बँकवाल्याने घड्याळ काढून मोज्यात लपवलं. तेवढ्यात गार्ड फिनर्टीने दार उघडलं, बाईंना हात देऊन वर घेतलं आणि बिशपना म्हणाला, “जरा सरकता का, फादर? टोपली खाली ठेवली तर कोंबड्या घाबरतात.”

बिशप सरकले. व्हिटलॉक स्टेशनात गाडी पुन्हा थांबली, बाई उतरल्या, आणि जाता जाता साहेबांना म्हणाल्या, “गाद्या छान केल्यात हो. पूर्वी फार टोचायच्या.”

साहेबांनी फिनर्टीला बोलावलं. “गाडी कोणाच्या हुकमाने थांबली?”

“अभ्रा होता ना, मालक.”

“कसला अभ्रा?”

“उशीचा,” फिनर्टी म्हणाला.

हा फिनर्टी आणि त्याचा इंजिन-ड्रायव्हर दोघेही आम्हांला ऑटर क्रीक रेल्वेबरोबर मिळाले होते. ती रेल्वे आमच्या अकरांपैकी सर्वांत लहान. तिचं एक इंजिन होतं, आणि ते चढावर दम खायला थांबे तेव्हा उतारू उतरून रानातली बोरं वेचत. तिच्या दोन्ही टोकांना मोठे मार्ग होते आणि दोन्ही आमचे झाले होते, म्हणून तीही घ्यावी लागली.

अकरा रेल्वे एका घरात कशा आल्या याबद्दल वर्तमानपत्रांतून बरंच भयंकर लिहून आलं आहे. प्रत्यक्षात हे सगळं रविवारच्या जेवणाला झालं. हॉलेनबेकांच्या घरी चर्चमधून आल्यावर सगळं कुटुंब मोठ्या टेबलाशी बसे. आधी भाजलेला हंस येई, मग बटाटे, मग एखादी रेल्वे. साहेब सुरी पुसत विचारत, “तर मग ती कायुटा व्हॅली घ्यायची ना?” सगळे माना हलवत, कारण तोंडात घास असे. थोरल्या आत्याबाई झोपलेल्या असत, त्यांचंही मत होकारातच धरलं जाई. मी कोपऱ्यात बसून सभेचा वृत्तान्त लिहीत असे. हंस संपेपर्यंत एक रेल्वे संपलेली असे.

यात एकच अडचण होती. कंपनीच्या नियमांप्रमाणे शेअरांवर मत देण्याचा हक्क फक्त कुटुंबाला होता. बाहेरचं कोणी घुसू नये म्हणून साहेबांनीच तसा नियम केला होता. पण ज्या बँकवाल्याच्या पैशावर निम्म्या रेल्वे घेतल्या, ते एम्स नावाचे गृहस्थ कुटुंबातले नव्हते. अविवाहित होते आणि तसेच राहण्यावर ठाम होते. साहेबांच्या दोन भाच्या त्यांना दाखवून झाल्या होत्या. शेवटी थोरल्या चिरंजीवांनी, डर्कने, तोडगा काढला. डर्क वकील होता. त्याने कुटुंबाची व्याख्या लिहून काढली: जो रक्ताने जोडला आहे तो, जो लग्नाने जोडला आहे तो, आणि ज्याने कुटुंबाच्या टेबलाशी बसून रविवारचं जेवण घेतलं आहे तो. एम्ससाहेबांना पुढच्याच रविवारी हंस वाढला आणि ते कुटुंबात आले.

डर्कची दुसरी करामत याहून मोठी. ऑटर क्रीक रेल्वेला गावकऱ्यांनी पूर्वी हौसेने कायमची करमाफी दिली होती. ती माफी अकराही रेल्वेंना मिळावी म्हणून डर्कने विलीनीकरणाच्या करारात एक वाक्य घातलं: कोणत्याही एका मार्गाचे सर्व हक्क आणि सर्व जबाबदाऱ्या यापुढे संपूर्ण मार्गाच्या आणि त्यावरील प्रत्येक गाडीच्या राहतील. त्या रविवारी साहेबांनी स्वतःच्या हाताने त्याच्या ताटात हंसाची तंगडी वाढली.

हक्क कोणते ते डर्कने नीट वाचलं होतं. जबाबदाऱ्या म्हणजे एखाद-दुसरा मोरीचा पूल असेल, असं त्याला वाटलं.

जबाबदारी एकच होती, आणि ती व्हिटलॉकमधल्या सगळ्यांना ठाऊक होती. केझायाबाईंच्या सासऱ्यांनी ऑटर क्रीक रेल्वेला शेतातून जाऊ दिलं तेव्हा एक पैसा घेतला नाही. मात्र रूळ गेले ते घर आणि रस्ता यांच्या मधून. मागे खाडीसारखा पसरलेला ओढा, पुढे रुळांचा उंच बांध. गाडी-घोडा बाहेर काढायची सोयच राहिली नाही; गुरं पलीकडे चरायला नेण्यापुरतं एक अरुंद फाटक तेवढं उरलं. म्हणून ठरलं की त्या घरात क्राउस राहतात तोवर, कुटुंबातल्या कोणीही कुंपणावर पांढरं कापड टाकलं की प्रवासी गाडी थांबेल, आणि सांगतील त्या स्टेशनात त्यांना उतरवेल. ऑटर क्रीकची दिवसाला एक गाडी होती, आणि ती तशीही कशालाही थांबे. आता डर्कच्या वाक्यामुळे आमची प्रत्येक गाडी बांधली गेली होती.

साहेबांनी डर्ककडे पाहिलं. डर्कने छताकडे पाहिलं.

“वाक्य काढून टाक.”

“काढता येईल, बाबा. पण मग करमाफीही जाते.”

साहेबांनी करमाफीचा आकडा कागदावर मांडून पाहिला. मग म्हणाले, “म्हातारीला विकत घे.”

डर्क गेला, मला बरोबर घेऊन. अर्थात गाडीनेच, दुसरा मार्गच नव्हता. घर साधं, लाकडी, रंग उडालेलं. केझायाबाई उंच, हाडकुळ्या, सत्तरीच्या आसपास. नवरा जोस्ट जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

“बाई, कंपनी हे घर घ्यायला तयार आहे,” डर्क म्हणाला. “आकडा तुम्ही सांगायचा.”

“आणि मी कुठं जायचं?”

“व्हिटलॉकमध्ये छान घर घेऊन देतो. शेजारपाजार असेल.”

“शेजार मला इथंही आहे. मी त्यांच्याकडे जाते ना, गाडीने.” बाईंनी त्याच्यापुढे ताकाचा पेला ठेवला. “हे बघ बाळ, मी लग्न होऊन आले ती या घरात. लोणी इथं करते आणि विकते व्हिटलॉकला. थांबा गेला तर दुसऱ्या आठवड्यात मला घर सोडावं लागेल. तेवढंच आहे. बाकी तुमच्या गाडीशी माझं काही वाकडं नाही.”

“बाई, ही गाडी न्यूयॉर्कला जाते. तिच्यात किती मोठमोठी माणसं असतात याची कल्पना आहे?”

“बसले होते की मी त्यांच्यात. एकाने मोज्यात घड्याळ ठेवलं होतं.”

परतताना डर्क म्हणाला, “ब्रॅडिश, हे कोर्टात संपवू.” माझं नाव ब्रॅडिश. ते फक्त काही तरी संपवायचं असलं की घेतलं जाई.

डर्कचा युक्तिवाद चोख होता. करारात शब्द आहे कुटुंब. कुटुंब म्हणजे रक्त. क्राउसांचं रक्त जोस्टबरोबर संपलं. ही बाई मूळची दुसऱ्या घरची. ती क्राउस नव्हेच. व्हिटलॉकच्या कोर्टात त्याने हे फार सुंदर मांडलं, लॅटिनसह. कोर्ट गच्च भरलं होतं. केझायाबाईंनी वकील दिला नव्हता. कोर्ट शनिवारी नसावं एवढीच त्यांची विनंती होती, कारण शनिवारी बाजार.

न्यायाधीश म्हणाले, “बाई, तुम्हांला काही म्हणायचं आहे?”

“सून घरातली नाही म्हणतात हे. मग यांच्या घरात कोण कोण आहे, एवढं विचारा.”

न्यायाधीशांना प्रश्न आवडला. त्यांनी कंपनीचे नियम मागवले. डर्कने हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती हरकत चष्मा पुसता पुसता ऐकली आणि नियम मोठ्याने वाचले: रक्ताने, लग्नाने, आणि रविवारच्या जेवणाने. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. ते म्हणाले, “एका रुळावर दोन प्रकारची कुटुंबं चालवता येणार नाहीत. जी व्याख्या मालकाच्या घराला, तीच बाईंच्या घराला.”

डर्कला वरच्या कोर्टात जाता आलं असतं. पण व्याख्या चुकीची ठरवून घेतली असती, तर एम्ससाहेबांची मतं बाद झाली असती, आणि त्यांच्या मतांवर घेतलेल्या पाच रेल्वे पुन्हा आपापल्या जुन्या मालकांकडे गेल्या असत्या. तेव्हा डर्कने निकालाबद्दल न्यायालयाचे आभार मानले.

एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. एक म्हातारी, आठवड्यातून एक अभ्रा. साहेबांनी वेळापत्रकात तेवढी मोकळीक करायचं मनात आणलंही होतं. पण व्याख्येतली तिसरी ओळ, जेवणाची, सगळ्या गावाने ऐकली होती.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर ओढ्यापलीकडचा लोहार बोटीतून आला, बायकोसह, घेवड्याचं भांडं घेऊन. “मावशी, म्हटलं तुमच्याकडेच जेवू आज.” त्याच्या मागून शाळामास्तरीण आली, मक्याचा पाव घेऊन. मग चीज करणारे दोघे भाऊ आले. ते दोघे एकमेकांशी कित्येक वर्षं बोलत नव्हते, पण एका घरचे व्हायला दोघांचीही तयारी होती. त्या भागातल्या शेतकऱ्यांना स्टेशन फार लांब पडे. केझायाबाईंनी पानं वाढली. कोणी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. जेवून उठले ते सगळे क्राउस होऊन.

सोमवारी कुंपणावर टेबलावरची चादर होती.

फिनर्टीने मला नंतर सांगितलं, “चिटणीससाहेब, लोहार चढला, त्याच्या मागून दोन मेंढ्या. मी म्हटलं, मेंढ्या? तर म्हणतो कसा, त्या माझ्याबरोबर आहेत.”

“मग?”

“मग काय. मेंढ्यांनी जेवण घेतलं होतं का, एवढं विचारलं. म्हणाला, अंगणात.”

हिवाळा येईपर्यंत क्राउस कुटुंब हे राज्यातल्या मोठ्या कुटुंबांपैकी एक झालं. बाप्तिस्ट लोक क्राउस झाले, मेथॉडिस्ट झाले, एक कॅथलिक पाद्री झाला आणि एकदा रस्ता चुकलेला विमा-एजंटही झाला. आमची सागर-सरोवर एक्सप्रेस कुंपणापाशी जाताना थांबे, येताना थांबे, आणि न्यूयॉर्कला अशा वेळी पोहोचे की तिच्यातले मोठे लोक ज्या सभांसाठी निघालेले असत, त्या संपलेल्या असत. प्रतिस्पर्धी रेल्वेने जाहिरात दिली: “आमच्या डब्यांत मेंढ्या नाहीत.” शेअर बाजारात आमचा भाव पडला. रविवारच्या टेबलाशी हंस येई आणि बटाटे येत, पण रेल्वे येईना. एम्ससाहेब जेवणाला येईनासे झाले.

डर्कने सुचवलं की फिनर्टीला काढून टाकावं. चौकशीत निघालं की फिनर्टी दर रविवारी तिथंच जेवतो. त्याच्या जागी दुसरा आणला. त्यालाही पहिल्याच रविवारी बोलावणं गेलं.

शेवटी साहेब म्हणाले, “मीच जातो.”

साहेब अकरा रेल्वेंच्या अध्यक्षांना असेच भेटले होते. समोर बसायचं, हात गुडघ्यावर ठेवायचा आणि समोरचा थकेपर्यंत बोलायचं. बरेच जण तासाभरात सही करून मोकळे होत. त्यांनी मला भाषण लिहायला सांगितलं. मी लिहिलं. त्यात देश होता, पोलाद होतं, पुढच्या पिढ्या होत्या. बिशप नसल्यामुळे परमेश्वर एकदाच होता.

साहेबांची खास गाडी रविवारी दुपारी निघाली. कुंपणावर काही नव्हतं, तरी थांबली. अभ्र्याशिवाय तिथं थांबलेली ही पहिलीच गाडी, असं ड्रायव्हर म्हणाला. साहेब, डर्क आणि मी बांध उतरून गेलो. आत टेबलाला टेबलं जोडून ती स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत आली होती. तीस-चाळीस क्राउस जेवत होते. साहेबांना पाहून बोलणं थांबलं, चमचे थांबले नाहीत.

“या,” केझायाबाई म्हणाल्या. “बसा. त्या बाजूला वारा लागतो, इकडे बसा.”

साहेब बसले. डर्क उभाच राहिला. साहेबांनी हात गुडघ्यावर ठेवला आणि सुरुवात केली. देश झाला. पोलाद झालं. खरं सांगायचं तर ते फार चांगले बोलले. लोहाराने घास हातात धरून ऐकलं. “बाई, अकरा घरं होती,” साहेब म्हणाले. “अकरा वेळापत्रकं, अकरा भांडणं. माणसाला सरोवरापासून समुद्रापर्यंत जायचं तर अकरा वेळा सामान उतरवावं लागे. मी ते सगळं एका घरात आणलं. आयुष्य घातलं त्यात. आणि तुम्ही...”

“मी काय केलं? आलेल्याला जेवायला वाढलं.”

“तुम्ही माझी गाडी अडवलीत.”

“थांबवली. अडवली नाही. चढले आणि तुम्ही पुढे गेलात की.” त्यांनी साहेबांपुढे बशी सरकवली. “हॉलेनबेक, तुम्ही दमलात. आमची मंडळी तुमच्या गाडीत जरा जास्त होताहेत, मला दिसतं ते. पण मी यांना आत घेतलं नसतं, तर तुमच्या मुलाने एकट्या म्हातारीचा थांबा कधीतरी काढलाच असता. आता नाही काढता येणार. मला फक्त इथंच राहायचंय.”

“मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय?”

“तुम्हीच सांगा. शिकलेले तुम्ही.”

“मी कुठं शिकलो,” साहेब म्हणाले. “मी घाटावर नावा ओढायचो.” हे कोणत्याही भाषणात नव्हतं. मी तरी लिहिलेलं नव्हतं.

बशीत सफरचंदाचा केक होता, वर साय. साहेबांना डॉक्टरांनी गोड वर्ज्य केलं होतं, आणि घरी त्यांच्या ताटावर दोन सुनांचं लक्ष असे. साहेबांनी केककडे पाहिलं. मग चमचा उचलला.

“बाबा!” डर्क पुढे झाला. “बाबा, खाऊ नका!”

“का? विष आहे की काय?” लोहार म्हणाला.

“बाबा, आज रविवार आहे!”

साहेबांनी तोंडातला घास चावला. सावकाश चावला आणि गिळला. मग दुसरा घेतला. नोकरी गेलेला फिनर्टी दुसऱ्या टोकाहून उठला, कॉफीचा पेला घेऊन आला, साहेबांपुढे ठेवला आणि म्हणाला, “घ्या मालक. आता आपल्यातलेच तुम्ही.”

डर्क खाली बसला. रिकामी जागा फक्त विमा-एजंटाशेजारी होती. एजंटाने त्याच्यापुढे घेवड्याचं भांडं सरकवलं आणि आयुष्याची काही तरतूद केली आहे का, असं हळूच विचारलं.

साहेबांनी बशी पुसून साफ केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नोकरीच्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. रेल्वे मिळाल्यावर ते असे कधी दिसत नसत. तेव्हा ते पुढच्या रेल्वेच्या विचारात असत.

“डर्क,” ते म्हणाले, “थांबा राहू दे. वेळापत्रकात छाप. आता तो आपलाही आहे.”

डर्कने नुसती मान हलवली. तो चघळत होता.

मग साहेब केझायाबाईंकडे वळले. आवाज पुन्हा फलाटावरचा झाला, आणि माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. “बाई, मी या घरचा झालो. हॉलेनबेक फुकट जेवत नाही. दगडी स्टेशन बांधून देतो इथं, घड्याळाच्या मनोऱ्याचं. ओढ्यावर पूल टाकतो, लोखंडी. रस्ता करतो व्हिटलॉकपर्यंत. साऱ्या राज्याला दिसेल की गॅरिट हॉलेनबेक घरच्यांना विसरत नाही. मागा. काय हवं ते मागा.”

केझायाबाईंनी हात पुसले आणि खिडकीतून बाहेर पाहिलं.

“तेवढी तुमची गाडी जरा पुढे घ्यायला सांगता का? शेवटचा डबा फाटकातच उभा आहे, आणि गायी पलीकडे खोळंबल्यात.”